एकोणचाळीस नंबरचा ठिपका

मंडळी, इथले अनुभव मी नियमित वाचतो. बहुतेक वेळा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, दुपारी जेवताना, आणि खरं सांगायचं तर हसायला. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या पलंगाखालून आवाज येतात... मी शेजारच्याला म्हणतो, "राव, याला आधी डोळे तपासून यायला सांगा." माझा धंदाच तसा. चाकण पट्ट्यात, कुरुळीजवळच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं क्वालिटीला आहे. जे मोजता येत नाही ते नाहीच, असं डोक्यात बसलेलं. सौ. तर म्हणते, "हे देवाला नमस्कार करतात तोसुद्धा टॉलरन्समध्ये."

तर असा माणूस आज इथे लिहायला बसलाय. हसायची पाळी आता तुमची.

आधी माणसं सांगतो, फार नाहीत. माझा थोरला भाऊ, दादा. आम्ही मूळचे बार्शीकडचे. दादा आधी इकडे आला, पिंपरीत एका कंपनीला लागला, आणि सात-आठ वर्षांनी मलाही ओढून आणलं. त्याची सगळी नोकरी स्टँडर्ड रूममध्ये गेली. म्हणजे कारखान्यातली मोजायची साधनं ज्या थंडगार खोलीत मोजली जातात, तिथे. बाकीचे कामगार जॉब मोजायचे, दादा त्यांचे मायक्रोमीटर मोजायचा. त्याचा गर्व त्याला निवृत्तीनंतरही होता. पोळी गोल झाली नाही की तो वहिनींना "दोन ठिकाणी व्यास वेगळा येतोय" म्हणायचा, आणि वहिनी म्हणायच्या, "रिजेक्ट करा आणि उपाशी बसा."

दादाची एकुलती एक मुलगी शर्वरी. ती पुण्यात पीएच.डी. करत होती, रेडिओ खगोलशास्त्रात. घरात पहिल्यांदा हे जाहीर झालं तेव्हा मी "म्हणजे आकाशवाणीत?" असं विचारलं होतं. ते आजतागायत प्रत्येक लग्नात मला ऐकवलं जातं.

तिचं काम मला दादानेच समजावलं, त्याच्या भाषेत. आपल्या आकाशगंगेच्या पार पलीकडे, कल्पना करता येणार नाही इतक्या लांब काही वस्तू आहेत. त्यांच्यातून रेडिओ लहरी येतात. जुन्नरकडे शेतात पसरलेल्या त्या मोठ्या अँटेना आहेत ना, तसल्या अँटेनांनी त्या पकडायच्या आणि वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला त्यांची ताकद किती भरते ते मोजायचं. "विल्या," दादा म्हणाला, "निमुळत्या टेपर शाफ्टचा व्यास आपण चार ठिकाणी घेतो की नाही? तसंच हे. चार ठिकाणी माप घ्यायचं, कागदावर ठिपके मांडायचे. बहुतेकांची सरळ रेघ येते. वरच्या फ्रिक्वेन्सीला कमी, खाली जाशील तसं जास्त. साधा टेपर. पण एखाद्याची रेघ खालच्या टोकाला वळून परत उतरते. असली पोट आलेली सापडली की पोरगी खूश."

"आणि मोजायच्या आधी?" मी क्वालिटीवाल्याच्या आवाजात विचारलं.

"आधी मास्टर बघतात! ज्याचं माप पक्कं माहीत आहे असली एक वस्तू आभाळात ठेवलेलीच आहे. तिच्यावर सेट करायचं, मग अनोळखी मोजायची. आपल्या स्लिप गेजच्या ठोकळ्यांसारखं." हे सांगताना त्याचा चेहरा बघायला हवा होता. चौतीस वर्षं ज्या कामाचं घरात कुणाला कौतुक नव्हतं, ते काम विश्वाच्या टोकापर्यंत चालतं हे त्याला साठीनंतर कळलं होतं.

मग रविवारचा पायंडा पडला. निगडीला यमुनानगरात त्यांचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पूर्वेला गॅलरी, गॅलरीला लागून जेवणाचं टेबल. रविवारी पोहे झाले की दादा टेबल पुसून लॉग ग्राफचा कागद पसरायचा. पुण्यात चार दुकानं फिरून गठ्ठाच आणून ठेवला होता. शर्वरी फोनवर आकडे सांगायची, दादा ठिपके मांडायचा. तिचा कॉम्प्युटर हेच एका सेकंदात करत होता. पण ती म्हणायची, "काका, बाबांनी ठिपका दिला की मला ते माप झाल्यासारखं वाटतं." एका वस्तूला एक कागद, कोपऱ्यात नंबर. तिच्या यादीत एकोणचाळीस होत्या.

आता दादाची पद्धत सांगतो. पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

पेन्सिल फोर-एच, कडक, ब्लेडने तासून पॉलिश पेपरवर टोक काढलेली. मोजलेलं माप म्हणजे भरीव ठिपका. त्याच्या वर-खाली छोटी उभी रेघ, म्हणजे माप इतकं इकडे-तिकडे असू शकतं. ठिपक्याच्या उजवीकडे तीन बारीक तिरप्या रेघा. त्याचा अर्थ, रीडिंग तीनदा घेतलंय आणि तिसरं दुसऱ्या माणसानं घेतलंय. शर्वरीने "हो बाबा, तीनदा झालं" म्हटल्याशिवाय तो त्या ओढायचा नाही. आणि डावीकडे बारीक अक्षरात तारीख. अंदाज करायचा असेल तर पोकळ गोल. अंदाजावर त्यांची पैज असायची. दादा हरला तर रविवारची भांडी त्याची. बहुतेक वेळा हरायचा. वहिनींची त्यावर काहीच तक्रार नव्हती.

आणि खोडायचं नाही. चुकलेल्या ठिपक्याला लाल गोल करायचा आणि शेजारी बरोबरचा द्यायचा. मी नवीन कामाला लागलो तेव्हा माझ्या खिशातला खोडरबर त्याने खिडकीतून फेकून दिला होता. "इन्स्पेक्टरच्या खिशात हे सापडलं तर त्याला घरी पाठवावं," म्हणाला होता.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एका रविवारी शर्वरीने एकोणचाळीस नंबरचे तीन आकडे सांगितले. वरच्या तीन फ्रिक्वेन्सींचे. चौथ्या, सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीसाठी तिला अँटेनांची वेळ मिळायची होती, ती दोन महिन्यांनंतरची. दादाने तीन ठिपके मांडले. मंगळवारी सकाळी तो दूध आणायला खाली उतरला आणि पिशवी हातात धरूनच सोसायटीच्या बाकावर बसला. वॉचमनला वाटलं, दम लागला असेल.

त्या दिवसांबद्दल मला काही सांगता येणार नाही. आठवत नाही असं नाही, आठवतं सगळं, पण काचेपलीकडचं असल्यासारखं. कोण आलं, किती चहा झाले, मंडपवाल्याच्या खुर्च्या किती कमी भरल्या. मी रडलो नाही. शर्वरीही नाही. ती गॅलरीत बसून फोनचं चार्जर गुंडाळायची आणि परत सोडायची.

तेराव्यानंतर वहिनींनी टेबलाच्या खणातून तो गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. "भाऊजी, हे तुम्हीच नीट लावून तिला द्या. माझ्याच्यानं बघवत नाही."

मी तिथेच बसून कागद लावायला घेतले. एक, दोन, तीन... शेवटी एकोणचाळीस. त्यावर चार ठिपके होते.

तीन सरळ रेघेत वर चढणारे. आणि चौथा, सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीच्या उभ्या ओळीवर, एकदम खाली. रेघ वाढवली असती तर ती दोनशेच्या वर पोचली असती. हा शंभराच्याही खाली, साठच्या ओळीला जवळजवळ चिकटून. भरीव. वर-खाली रेघ, उजवीकडे तीन तिरप्या रेघा, डावीकडे बारीक अक्षरात काहीतरी.

मंडळी, इथे अंगावर काटा आला असं लिहायला हवं. तसं काही झालं नाही. माझ्या मनात काय आलं सांगू? "ऑडिटर विचारेल."

हसू नका. बावीस वर्षं झाली. कस्टमरचं ऑडिट असलं की आदल्या दिवशी आम्ही चार्ट साफ करतो. जिथे माप घेतलेलंच नाही तिथे नोंद असेल तर शंभर प्रश्न येतात. चूक आहे, मला माहीत आहे, पण हाताला सवय लागलेली असते. मला वाटलं, दादाचा हात चुकला, दुसऱ्याच वस्तूचा ठिपका इथे पडला, पोरीला उगीच त्रास होईल. चष्मा वहिनींच्या फ्रिजवर राहिला होता. तो आणायलाही मी उठलो नाही. शेजारच्या मुलाच्या कंपासमधला खोडरबर तिथेच पडला होता. ठिपका खोडला, रेघा खोडल्या, डावीकडची अक्षरं खोडली. फुंकर मारली. अगदी स्वच्छ झालं.

मग मोशीच्या झेरॉक्सवाल्याकडे सगळ्याची एक प्रत काढली, मूळ कागदांना स्पायरल घातलं, आणि गठ्ठा शर्वरीच्या बॅगेत नेऊन ठेवला. झेरॉक्स काढली ती खोडल्यानंतर. माझी हुशारी बघा.

पुढे दोन-अडीच महिने. शर्वरी पुण्याला परत गेली, पण काम करत नव्हती. ठरलेल्या वेळी चौथं निरीक्षण तेवढं झालं, कारण नाही म्हणायलाही उत्साह लागतो, असं ती म्हणाली. तिच्या गाइडनी स्पष्ट सांगितलं होतं की महिनाअखेरीला प्रबंध द्यायचा, मुदतवाढ आता मिळणार नाही. डिसेंबरातल्या एका रविवारी ती निगडीला आली. सौ. आणि मीही गेलो होतो. पोहे झाले होते. टेबल पुसलेलं होतं, पण त्यावर कुणी काही पसरलं नव्हतं.

"काका, एकोणचाळीस उडवतेय," ती म्हणाली.

"उडवतेस म्हणजे?"

"यादीतून काढून टाकतेय. डेटा खराब दिसतोय. कुठल्या तरी तारेचं स्पार्किंग आत शिरलं असेल, नाहीतर तुमच्या चाकणला कुणी वेल्डिंग करत असेल." ती हसली नाही, सवयीने बोलली. "अडतीसवर प्रबंध होतो. देते आणि मोकळी होते. हिंजवडीत एक नोकरी बघितलीय. डेटाचंच काम आहे, कुणाच्या तरी शॉपिंग अ‍ॅपचं."

"अगं, पण एकोणचाळीस तर सगळ्यात लांबची ना? तुझे बाबा म्हणायचे, यादीची राणी."

"म्हणूनच वाईट वाटायला हवं. वाटत नाहीये." ती खाली बघत होती. "रेघ दोनशेच्या वर जायला हवी. माझी येतेय बासष्ट. वळणाऱ्यासुद्धा इतक्या एकदम कोसळत नाहीत. असं कुठं असतं का?"

बासष्ट.

सौ. काहीतरी विचारत होती, ते मला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. हातातला चहा मी टेबलावर ठेवला. आता दोनच रस्ते होते. गप्प बसलो तर पोरगी खरं माप फेकून देणार, आणि स्वतःही त्या कामातून निघून जाणार. बोललो तर तिच्या बापाने कागदावर ठेवलेली शेवटची खूण मी खोडली, हे मला कबूल करावं लागणार. तेसुद्धा वहिनींच्या समोर.

मी बोललो. कसं बोललो विचारू नका. मध्येच ऑडिट आलं, फ्रिजवरचा चष्मा आला, सगळं उलटसुलट.

"अहो, काय केलंत हे!" सौ. म्हणाली.

शर्वरी उठली, बॅगेतून स्पायरल काढलं, शेवटचं पान उघडलं आणि गॅलरीत गेली. कागद उन्हात तिरपा धरला. बराच वेळ.

"आहे," ती म्हणाली.

फोर-एच पेन्सिल. शिसं पुसलं जातं, कागदाला पडलेली खोच जात नाही. मीही बघितलं, या खेपेला चष्मा लावून. ठिपक्याचा टाचणीएवढा खड्डा. वर-खाली रेघ. उजवीकडे तीन तिरप्या.

"अंदाज असेल," मी म्हणालो. "तिसरा ठिपका रेघेच्या एक केसभर खाली आहे बघ. दादाच्या नजरेला दिसलं असेल की हिला पोट आहे."

आतून वहिनी बोलल्या. इतका वेळ त्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "भाऊजी, ह्यांनी अंदाजाचा गोल कधी भरलाय का? आणि अंदाज बरोबर येत असते तर इतकी वर्षं भांडी कुणी घासली असती?"

शर्वरीने टेबलावर कागद ठेवला. कपाटावरच्या ग्लासात दादाच्या पेन्सिली तशाच होत्या, एक तासलेली होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही फ्रिक्वेन्सीची ओळ धरा. मी बासष्ट मोजते." मी उभ्या ओळीवर पट्टी लावली. तिने डावीकडच्या आकड्यांवरून गुण्या सरकवत आणला. खड्ड्याकडे ती बघत नव्हती, आकड्यांकडेच बघत होती. मग पेन्सिल टेकवली.

टोक आपोआप आत बसलं. टक् असा अगदी बारीक आवाज आला. सौ.नेही ऐकला, पण ती आता म्हणते की तो गॅसचा असेल.

मग तिने तिच्या मापाची त्रुटीची रेघ ओढली. तीही खोचेतूनच गेली. वर तितकीच, खाली तितकीच.

भीती वाटली का, असं मला नंतर भाच्यांनी विचारलं. नाही वाटली. दाढेला इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर काम करत असतो आणि आपल्याला नुसतं दाबल्यासारखं कळतं, तसं काहीतरी होतं. वहिनींनी चहा गाळला. आम्ही तो प्यायलो.

शर्वरीने उजवीकडच्या तीन रेघा मात्र ओढल्या नाहीत. "माझं एकदाच झालंय," म्हणाली.

त्या आठवड्यात तिने वेगळा मास्टर घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. बासष्टच्या आसपास. मग लॅबमधल्या एका मैत्रिणीला काहीही न सांगता कच्चा डेटा दिला. तिचा आकडा एकसष्टच्या वर, त्रुटीच्या आत. स्पार्किंग नव्हतं. रेघ खरंच वळत होती. एकोणचाळीस यादीत राहिली आणि प्रबंध महिनाअखेरीला गेला. तोंडी परीक्षेत अर्धा वेळ त्या एकाच वस्तूवर गेला म्हणे. हिंजवडीची नोकरी तिने घेतली नाही. अजून आकडेच मोजते, निगडीहून ये-जा करते, वहिनींना सोबत होते.

आता तुमच्यातले हुशार लोक विचारतील ते आधीच सांगतो. जुन्या कुठल्या यादीत तो आकडा असेल आणि दादाने बघितला असेल? शर्वरीने ते शोधलं. जुन्या यादीत ही वस्तू शेजारच्या एका मोठ्या वस्तूत मिसळून गेलीय, आकडा भलताच आहे. आणि दादा इंटरनेटवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवायचा. ती खोच नंतर कुणी पाडली? कागद माझ्या हातून थेट तिच्या बॅगेत गेला होता. ठिपका मी खोडला तेव्हा ते निरीक्षण झालेलंच नव्हतं. मग मलाच भास झाला होता? तर मग मी खोडलं काय?

एक गोष्ट राहिली. त्या रविवारी निघताना, मी जिन्यात चपला घालत असताना, शर्वरी दारात आली.

"काका, डावीकडे तारीख होती ना?"

"होती."

"कुठली?"

मी सांगितलं की चष्मा नव्हता. तिने ते आधी ऐकलं होतं, तरी पुन्हा ऐकून घेतलं.

तारखेची खोच आम्ही खूप बघितली. तिरप्या उन्हात, टॉर्चने, मोबाईलवर मोठी करून. तिथे मी जास्तच जोर लावून घासलं होतं, अक्षरं बारीक होती ना. कागदाचा कापूस झालाय. ती रविवारची होती, सोमवारची होती, की निरीक्षण झालं त्या दिवसाची, जेव्हा दादाला जाऊन दोन महिने झाले होते... हे एका नजरेत कळलं असतं. ती एक नजर माझी होती.

शर्वरीने आता तिसऱ्या रीडिंगनंतर उजवीकडच्या रेघा पुऱ्या केल्यात. तारीख मात्र तिने डावीकडे लिहिली नाही, खाली लिहिली. कागद फ्रेम करून टेबलाच्या वर लावलाय. रविवारी पोहे खाताना बरोबर समोर येतो. ठिपक्याच्या डावीकडची जागा कोरी आहे. म्हणजे मी कोरी केलेली.

मधूनमधून ती पोहे वाढता वाढता विचारते, "काही आठवलं का, काका?"

"नाही गं," मी म्हणतो, आणि लिंबू मागतो.